चोर्ला घाटात इंजिनाला हवा किती मिळते?

पणजीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायला लागलं की गाडी जड वाटते. आपण चढाला बोल लावतो. चढ आहेच, पण वर हवाही विरळ झालेली असते.

१.२ लिटरचं पेट्रोल इंजिन दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त १.२ लिटर हवा ओढतं. मिनिटाला ३,००० फेरे धरले, तर १.८ घनमीटर. पणजीत तेवढीच, घाटमाथ्यावरही तेवढीच. पण पेट्रोलला हवा लागते ती वजनाच्या हिशेबाने: एका ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम. म्हणून बऱ्याच गाड्यांतला संगणक आत येणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान सेन्सरने मोजतो आणि घनफळावरून वस्तुमान काढतो.

सूत्र शाळेतल्या वायूच्या नियमाचंच. दाबाला तापमानाने आणि २८७ने (हा कोरड्या हवेचा स्थिरांक) भागलं की घनता मिळते. पणजीत ३२ अंश, दाब १,०१,००० पास्कल धरू: घनता घनमीटरला १.१५ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २.०८ किलो हवा. ८०० मीटरांच्या आसपास दाब ९२,००० पास्कलवर येतो. तिथे २४ अंश असतील, तर १.९४ किलो. मला यातली गंमत वाटते ती अशी: दाब ९ टक्क्यांनी घटला, हवा मात्र साडेसहा टक्क्यांनीच. उरलेली भरपाई घाटातल्या गारव्याने केली. तरी मिनिटाला ९ ग्रॅम पेट्रोल कमी सोडावं लागतं, नाहीतर ते अर्धवट जळून काळा धूर होतो.

तापमान इथे केल्व्हिनमध्येच हवं, म्हणजे सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवून. ३२ला २४ने भागलं तर हवेत तेहतीस टक्क्यांचा फरक दिसेल. ३०५ आणि २९७ घेतले की खरा, पावणेतीन टक्क्यांचा. दाबाचंही तसंच. पंक्चर टायरला गेज लावलं तर काटा शून्यावर असतो, पण आत वातावरणाएवढा दाब असतोच. गेजच्या आकड्यात तो मिळवल्याशिवाय हे सूत्र वापरता येत नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत सुमारे ४,२०० पास्कल दाब नुसत्या वाफेचा, म्हणजे चार टक्के जागा तिचीच. जाळायला ती उपयोगाची नाही, तरी दाबाचा सेन्सर तिलाही हवेतच धरतो. ही चूक पकडतो तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर, जळून गेल्यावर किती प्राणवायू उरला ते पाहून.