माऊस, संगणकाचा : उगम आणि निवड

संगणकाच्या पडद्यावरील कर्सर हाताच्या हालचालीने फिरवण्याचे आणि बटणे दाबून आज्ञा देण्याचे, टेबलावर सरकवायचे साधन. नवा संगणक घेताना प्रोसेसर आणि मेमरी यांची जेवढी चौकशी होते तेवढी माऊसची होत नाही. खोक्यात आलेला माऊसच वर्षानुवर्षे वापरला जातो. वास्तविक दिवसभर हाताखाली राहणारी वस्तू हीच असते. हाताचे माप, कामाचे स्वरूप आणि टेबलावरील जागा या तीन गोष्टींवरून माऊस निवडावा. आकाराच्या नावीन्याला त्यानंतरचे स्थान द्यावे.

उगम : माऊसच्या जनकत्वाबद्दल दोन दावे आढळतात. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला नमुना तयार केला. लाकडी ठोकळा, त्याखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण अशी त्याची रचना होती. एक चाक आडवी हालचाल मोजत असे, दुसरे उभी. वायर सुरुवातीला मनगटाच्या बाजूने निघत असे. ती हाताखाली येऊ लागल्याने लवकरच पुढच्या बाजूला नेण्यात आली. वापरणाऱ्याच्या सोयीसाठी माऊसमध्ये झालेला हा बहुधा पहिलाच बदल होय. एकस्वासाठी (पेटंटसाठी) १९६७ मध्ये अर्ज करण्यात आला आणि ते १७ नोव्हेंबर १९७० रोजी मिळाले. त्याआधीच, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगेलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले होते. त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताखाली तीन बटणांचा माऊस आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा छोटा कळफलक होता.

दुसरा दावा जर्मनीतील टेलिफुंकेन या कंपनीचा. तिच्या २ ऑक्टोबर १९६८ च्या माहितीपत्रकात ‘रोलकुगेल’ हे साधन दिसते, म्हणजे वरील प्रात्यक्षिकाच्या सुमारे दोन महिने आधी. हवाई वाहतूक नियंत्रणासाठी टेबलात पक्का बसवलेला ट्रॅकबॉल, म्हणजे वरचा चेंडू हाताने फिरवून कर्सर हलवायचे साधन, राइनर मालेब्राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा करून हातात धरता येईल असा केला. त्यात नवकल्पनेचा अंश पुरेसा नाही, असे ठरून त्याला एकस्व मिळाले नाही. (ट्रॅकबॉल मात्र या दोन्हींपेक्षा जुना, ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी तो १९४६ च्या सुमारास योजला.) विक्रीस आलेले पहिले साधन हा निकष लावल्यास जर्मन माऊसला मान द्यावा लागतो. तथापि १९६४ चा नमुना आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला तुलनात्मक निबंध पाहता एंगेलबार्ट यांच्या गटाचा अग्रक्रम आणि दोन्ही साधनांचा स्वतंत्र उगम हे मत अधिक ग्राह्य वाटते. चाकांच्या जागी चेंडू बसवलेला माऊस पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या काही वर्षांत घडला. झेरॉक्स स्टार (१९८१) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे तो सर्वत्र पोचला. एंगेलबार्ट यांना त्यातून स्वामित्वधन (रॉयल्टी) मिळाले नाही.

१९६७ चा हा निबंध निवडीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. त्यात माऊस, जॉयस्टिक, प्रकाशलेखणी (पडद्यावर टेकवायची लेखणी, लाइट पेन) आणि चक्क गुडघ्याने हलवायचे एक साधन यांची तुलना केली होती. सरावलेल्यांमध्ये माऊस सरस ठरला; नवख्यांचे काम मात्र प्रकाशलेखणीवर आणि गुडघ्याच्या साधनावर अधिक वेगाने झाले. दुकानात मिनिटभर हात ठेवून माऊस पसंत वा नापसंत करू नये, याला हा जुना आधार आहे.

संवेदक (हालचाल टिपणारा भाग, सेन्सर) : चेंडूच्या माऊसमध्ये आतील रुळांवर धूळ, तेलकटपणा आणि तंतू यांचे कडे जमत असे; झाकण फिरवून चेंडू काढायचा आणि ते कडे नखाने खरवडायचे, हे काम सायबर कॅफेंत आणि डीटीपीच्या दुकानांत नेहमीचे होते. १९८० च्या सुमारास आलेल्या पहिल्या प्रकाशीय माऊसना रेघा आखलेले खास पॅड लागे. १९९९ पासून बाजारात आलेल्या प्रकाशीय माऊसमध्ये लहानसा दिवा पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाकतो, संवेदक सेकंदाला हजाराहून अधिक सूक्ष्म छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील सरक मोजतो. त्यासाठी पृष्ठभागाला काही पोत असावा लागतो. म्हणून कार्यालयांतील काचेच्या टेबलावर किंवा गुळगुळीत सनमायकावर कर्सर उड्या मारतो. काचेवर चालणारे संवेदक २००९ पासून मिळतात. पण त्यांच्या किमतीपेक्षा साधे कापडी पॅड घेणे सोयीचे.

संवेदकाची सूक्ष्मता सीपीआय या एककात, म्हणजे एक इंच सरकल्यावर नोंदल्या जाणाऱ्या पायऱ्यांत सांगतात. खोक्यावर तिलाच डीपीआय म्हटलेले असते. १,९२० बिंदू (पिक्सेल) रुंद पडदा ८०० सीपीआयने पार करण्यास, हात जोरात सरकवल्यास कर्सर अधिक दूर नेणारी वेगवाढीची सोय बंद असल्यास, २.४ इंच म्हणजे सुमारे ६ सेंमी हात सरकवावा लागतो. १,६०० सीपीआयला ३ सेंमी पुरतात. ३,८४० बिंदूंच्या पडद्याला १,६०० घेतल्यास पुन्हा ६ सेंमी. म्हणजे नेहमीच्या कामाला ८०० ते १,६०० पुरेसे आहेत. खोक्यावरील पाच आकडी संख्यांना घरगुती वापरात फारसा अर्थ नाही.

हात आणि आकार : मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी हे मुख्य माप होय. काही उत्पादक लहान-मध्यम आणि मोठा हात यांमधील सीमा १९ सेंमी धरतात. त्या हिशेबाने बहुतेक भारतीय स्त्रिया पहिल्या गटात येतात, आणि मोठ्या हाताचा माऊस वापरताना त्यांना बोटे ताणून बटण गाठावे लागते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीयांच्या देहमापांचे संकलन प्रसिद्ध केले. आयात मालाच्या खोक्यावर मात्र हाताचे माप क्वचितच असते, त्यामुळे पट्टी लावून मोजणे हाच मार्ग उरतो.

पूर्ण तळवा टेकवणे, बोटे पंजासारखी वाकवून धरणे आणि फक्त बोटांच्या टोकांनी हलवणे, असे पकडीचे तीन प्रकार मानतात. पहिल्यास उंच पाठीचा व लांब माऊस लागतो, तिसऱ्यास ठेंगणा आणि हलका. करंगळी आणि अनामिका टेबलावर घासत असतील तर माऊस अरुंद आहे. बटण दाबताना अंगठा आवळला जात असेल तर माऊस जड आहे किंवा बाजूला पकड नाही, असे समजावे.

मनगट : या बाबतीत जाहिरात पुढे आणि पुरावा मागे आहे. मनगटातील कार्पल टनेल या बोगद्यातून जाणाऱ्या तंत्रिकेवरील दाब १९९९ च्या एका प्रयोगात मोजला गेला. माऊस धरून वस्तू ओढताना तो पाऱ्याच्या सुमारे ३० मिमी इतका भरला, नुसता हात ठेवला असता त्याहून सुमारे १२ मिमी कमी. डेन्मार्कमधील २००३ च्या पाहणीत आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत, ही तंत्रिका दबून होणाऱ्या विकाराच्या (कार्पल टनेल सिंड्रोमच्या) लक्षणांशी संबंध दिसला, कीबोर्डच्या बाबतीत तो दिसला नाही. तरीही संगणक हा या विकाराचा गंभीर व्यावसायिक धोका नाही, असाच निष्कर्ष संशोधकांनी काढला.

उभ्या माऊसमध्ये पंजा पालथा न पडता हस्तांदोलनासारखा कडेवर राहतो. याने मनगटाची ठेवण बदलते, हे खरे. पण आधीच विकार असलेल्या रुग्णांवरील २०१५ च्या अभ्यासात बोगद्यातील दाब त्यामुळे कमी झाला नाही. हाताला आधार आणि वेगळ्या घाटाचा माऊस यांनी मान-खांद्याचे दुखणे टळते का, याबद्दलचे पुरावे कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात परस्परविसंगत आढळले. ज्यांना पालथ्या हाताने अवघडते त्यांनी उभा माऊस जरूर वापरून पाहावा. उपचार म्हणून तो घेऊ नये. मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे ही लक्षणे असल्यास माऊस बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.

जागा : खांद्याचे अवघडणे बरेचदा माऊसमुळे नव्हे, तो ठेवलेल्या ठिकाणामुळे येते. कीबोर्डच्या उजवीकडील अंकपट्टीमुळे माऊस दूर ढकलला जातो आणि दंड दिवसभर अंगापासून फाकलेला राहतो. जमाखर्चाचे काम करणाऱ्यांना अंकपट्टी लागतेच. इतरांनी तिच्याविना येणारा आखूड कीबोर्ड घेतल्यास माऊस कोपराच्या समोर येतो. माऊस आणि कीबोर्ड एकाच पातळीवर असावेत. कीबोर्ड सरकत्या फळीवर आणि माऊस वर टेबलावर, ही मांडणी टाळावी.

डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजू सारख्या असलेला माऊस बरा. बटणांची अदलाबदल संगणकाच्या सेटिंगमध्ये होते. बिनतारी माऊसमध्ये सेलचे वजन वाढते, वायरची ओढ मात्र जाते. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होऊ लागणे ही बटणाखालील सूक्ष्म स्विच झिजल्याची खूण आहे. हे स्विच लाखो ते कोट्यवधी दाबांसाठी बनवलेले असतात आणि दुरुस्तीच्या दुकानात डाग देऊन बदलून मिळतात.