सुयांच्या उशीत काय भरायचं?

सुया-टाचण्या टोचून ठेवायची उशी मुळात युरोपातली. टाचण्या हाताने घडत होत्या तोवर महाग होत्या, जपाव्या लागत. १९व्या शतकात त्या यंत्रावर निघू लागल्या, तरी उशी घरोघरी राहिली. टोमॅटोसारखी लाल उशी आणि तिला लटकणारी कापडी स्ट्रॉबेरी तेव्हाच लोकप्रिय झाली. त्या स्ट्रॉबेरीत कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या कठीण दगडाची पूड असते. सुई तिच्यात खुपसली की गंज घासून निघतो. मला त्या उशीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण किनाऱ्यावर सुईचा खरा वैरी गंजच.

शिवण आपल्याकडे फार जुनी. मोहेंजोदडोत तांब्या-काशाच्या सुया सापडल्या आहेत, संत नामदेवांचं घराणं तर शिंप्याचंच. पण साध्या घरात सुया असून असून किती असणार? रिळात नाहीतर चिंधीत खोचली की झालं. वाकळ शिवताना बाया सुई मधूनच केसांतून फिरवीत. खोबरेल लागलं की ती जाड थरांतून सहज जाई, आणि गंजही लवकर धरत नसे. पुढे शिलाई मशीन आलं, शाळांतून मुलींना शिवणकाम शिकवू लागले, घरात सुया-टाचण्या वाढल्या आणि उशी लागू लागली.

तिच्यासाठी घर करटीचं, म्हणजे नारळाच्या करवंटीचं. अर्धी करटी काचकागदाने गुळगुळीत करायची, तोंडाच्या दुपटीहून थोडं मोठं गोल कापड कापायचं, कडेने धावदोरा घालून आत भरण घालायचं, दोरा ओढून गाठ मारायची आणि तो गोळा करटीत चिकटवायचा. एवढं कुणालाही जमतं. प्रश्न भरणाचा आहे.

काथ्या हाताशी असतो म्हणून तोच भरावासा वाटतो. पण सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, खाडीच्या मचूळ पाण्यात कुजवलेली असतील, तर धाग्यात मीठ राहतं आणि मीठ पोलाद खातं. काथ्या गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन कडक वाळवला, तरच तळाशी घालावा. सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात त्या पांगाऱ्याचा भुसा चालेल, मात्र तो पुरता सुकलेला हवा. पावसाळ्यात भुसा ओल धरतो. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. त्याच्या राखेची राखुंडी दातांना लावत ती उगाच नव्हे. बारीक चाळलेल्या तुसाची वेगळी पुरचुंडी बाजूला शिवली, तर स्ट्रॉबेरीचं थोडंफार काम ती करते.

सगळ्यांत उत्तम सावरीचा कापूस. त्याच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. याच्याच कुळातल्या झाडाचा कापूस, कपोक, पूर्वी जहाजांवरच्या लाइफ जॅकेटांत भरत. चैत्र-वैशाखात बोंडं फुटतात तेव्हा तो गोळा करून आपल्याकडे उशा भरत आले आहेत. सुयांच्या उशीला मूठभर पुरतो. काही गावांत शिमग्याच्या होळीसाठी सावरच तोडतात, आणि बोंडं फुटायला तेव्हा महिना-दीड महिनाच उरलेला असतो. निदान वाडीजवळची एक सावर तरी राखावी, असं मला मनापासून वाटतं.