अठराखालचा ‘मालक’ म्हणजे बनावच?

‘सतरा वर्षांच्या पोराची कंपनी म्हणजे बनाव, अठराच्या आत कायद्यानं धंदाच करता येत नाही,’ हा मेसेज कोल्हापुरात उद्यमनगरापासून गुजरीपर्यंतच्या ग्रुपांत फिरत असतो. शंका रास्त आहे, निष्कर्ष तेवढा चुकतो.

1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही. कंपनीचं संचालकपदही मिळत नाही. पण 1932 च्या भागीदारी कायद्यात, सगळे भागीदार राजी असतील तर, अज्ञानाला नफ्यात वाटा देता येतो. त्यामुळे कागदावर आई आणि चपलांची ऑनलाइन विक्री सांभाळणारी मुलगी, यात लबाडी काहीच नाही.

तपासायचं असेल तर बिलावरचा 15 अक्षरी जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, सगळं फुकटात दिसतं. क्रमांक नसणं हा मात्र फसवणुकीचा पुरावा नव्हे. राज्यातल्या राज्यात छोट्या उलाढालीला नोंदणी सहसा सक्तीची नसते.

खरा घोळ आकड्यांत असतो. ‘कोटींची कंपनी’ म्हणजे उलाढाल, नफा, की गुंतवणूकदारांनी लावलेलं मूल्य? मूल्य म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. घरचं भांडवल किती होतं, हेही बिनधास्त विचारा.