बेलिसारियसने भीक मागितलीच नव्हती

रस्त्याकडेला आंधळा म्हातारा बसलाय. शेजारच्या पोराने धरलेल्या शिरस्त्राणात एक बाई भीक घालतेय, आणि मागे उभा असलेला सैनिक आपल्या जुन्या सेनापतीला ओळखून हात उंचावून थिजलाय. जाक-लुई दाविदचं १७८१ चं हे चित्र पाहून कुणालाही वाटेल, सहाव्या शतकातल्या पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्याचा सम्राट जस्टिनियनने आपला सेनापती बेलिसारियस याचे डोळे काढून त्याला देशोधडीला लावलं.

तसं झालं नाही. ५३३ मध्ये कार्थेज, ५३६ मध्ये रोम, ५४० मध्ये रावेन्ना घेणारा हा माणूस. ५५९ मध्ये हूण टोळ्या राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीशी आल्या, तेव्हा निवृत्तीतून परत येऊन त्यानेच त्यांना पिटाळलं. ५६२ मध्ये मात्र सम्राटाविरुद्धच्या कटात त्याचं नाव आलं आणि मानमरातब गेला. पण पुढच्याच वर्षी सगळं परत मिळालं. ५६५ मध्ये तो वारला, त्याच वर्षी काही महिन्यांनी जस्टिनियनही. डोळे काढल्याचं त्या काळच्या इतिहासकारांच्या लिखाणात कुठेही नाही.

मग ही कथा आली कुठून? बाराव्या शतकात, म्हणजे तब्बल सहाशे वर्षांनी, त्सेत्सेस नावाच्या कवीने ती सांगितली. तीही ‘दुसरे इतिहासकार असं म्हणत नाहीत’ अशी पुस्ती जोडून! लोकांनी पुस्ती सोडली, कथा ठेवली. खरी भीक मागावी लागली ती त्याचा वैरी, जस्टिनियनचा मंत्री कप्पाडोशियाचा जॉन याला. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, हद्दपारीच्या वाटेवर जहाज जिथे लागेल तिथे त्याला भाकरतुकडा मागायला लावत. दोघांची गल्लत झाली असावी, असा माझा कयास.