मंगळावर अडकलेले दोघे, आणि त्यातला ‘अशास्त्रीय’ कोण

‘द मार्शियन’ बघितलेला माणूस हमखास दोन वाक्यं टाकतो. एक : हा त्या जुन्या ‘रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स’चा रीमेक. दुसरं : तो जुना भाबडा होता, हा शास्त्रशुद्ध आहे. पहिलं वाक्य चूक आहे, पण निरुपद्रवी. दुसरं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

पहिलं उरकून टाकू. रिडली स्कॉटचा 2015 चा सिनेमा अँडी वीअरच्या कादंबरीवरून आला. मंगळावर एकटा मागे राहिलेला अंतराळवीर वॉटनी, त्याने पिकवलेले बटाटे, जमिनीतून उकरून काढलेलं पाथफाइंडर हे जुनं यान, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. बायरन हॅस्किनचा 1964 चा सिनेमा थेट डॅनियल डिफोच्या कादंबरीतल्या, बेटावर एकट्या अडकलेल्या क्रूसोवरून. त्यात मंगळावर अडकलेला कमांडर ड्रेपर आहे, मोना नावाची माकडीण आहे आणि पुढे परग्रहावरच्या मालकांच्या तावडीतून सुटलेला फ्रायडे. (मोनाचं काम बार्नी नावाच्या नराने केलंय, तेही केसाळ लंगोट नेसून.) ड्रेपरचा सहकारी लवकरच मरतो, तो नट म्हणजे अॅडम वेस्ट, दोन वर्षांनी टीव्हीवरचा बॅटमॅन झाला तोच. वॉटनीमागे अख्खी नासा उभी राहते, ड्रेपरशी बोलायला माकडीण. झालं.

आता ‘शास्त्रशुद्ध’. लोक हसतात ते ड्रेपर मंगळाची हवा थोडा थोडा वेळ छातीत भरून घेतो म्हणून. पोस्टरवर सिनेमा शास्त्रीयदृष्ट्या अस्सल असल्याची फुशारकी होती, म्हणून तर जास्तच हसतात. पण तारखा बघा. सिनेमा आला जून 1964 मध्ये. नासाचं मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेलं जुलै 1965 मध्ये, म्हणजे तेरा महिन्यांनी. त्याआधी मंगळावरच्या हवेचा दाब किती, हे दुर्बिणीतून अंदाजाने ठरवायचे आणि बराच काळ प्रचलित असलेला आकडा होता सुमारे 85 मिलिबार. 1963 मध्ये नव्या निरीक्षणांनी तो 25 च्या आसपास खाली आणला. मरिनरने तर 4 ते 7 मिलिबार दाखवला. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो 1013 असतो. थोडक्यात, ज्या मंगळावर ड्रेपर उतरला तो मंगळ पुढच्याच वर्षी कायमचा बाद झाला.

हॅस्किनला पूर्ण सूट द्यायची गरज नाही. 85 मिलिबारमध्येही ती हवा कोणाला पुरली नसती. तिथे ताणलंय, आणि 1963 नंतर तर जास्तच. पण उपलब्ध माहिती ताणणं वेगळं आणि माहीत असलेलं बाजूला ठेवणं वेगळं.

ते दुसरं काम ‘द मार्शियन’ने केलं. वॉटनीला मागे टाकून बाकीचे पळतात ते वादळामुळे. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या साधारण साठाव्या भागाइतकी दाट. वाऱ्याचा जोर घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. हिशेब करा : तिथला ताशी दीडशे किलोमीटरचा वारा अंगाला इथल्या वीसेक किलोमीटरच्या वाऱ्याइतका जाणवेल. त्याने दोरीवरचे कपडे फडफडतील, रॉकेट कलंडणार नाही. हे वीअरला लिहितानाच ठाऊक होतं आणि त्याने तसं मोकळेपणाने कबूलही केलंय. गोष्टीला दणका हवा होता. माझी त्याला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती या सिनेमाला पाठ्यपुस्तक समजणाऱ्यांना.

ऑक्सिजनचंही तेच. वॉटनीचं यंत्र कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढतं, आणि 2021 पासून नासाच्या पर्सिव्हिअरन्स या गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने मंगळावर खरंच तसा काढून दाखवला : सोळा वेळा चालवून एकूण 122 ग्रॅम. ड्रेपर मात्र दगड तापवतो आणि त्यातून ऑक्सिजन निघतो. हा म्हणे पोरखेळ! 2008 मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. परक्लोरेट तापवले की ऑक्सिजन सुटतो. पटकथेला हे ठाऊक नव्हतं, तिचा नेम अंधारात लागला. पण याच क्षारांमुळे वॉटनीची बटाट्याची माती विषारी ठरते, यावर कोणी हसताना मला दिसलेलं नाही.

दोन्हींत माझा आवडता जुना, तोही फ्रायडे येईपर्यंतचा. नंतर त्या परग्रहावरच्या मालकांची यानं येतात, हॅस्किनच्याच 1953 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधल्या यानांची सख्खी भावंडं, आणि सिनेमा सैल पडतो. त्याआधीची डेथ व्हॅली बघाच. तिथलं स्वच्छ निळं आकाश पडद्यासारखं वापरून त्याजागी लालसर आकाश बसवलंय.

आणि पाण्याचा प्रसंग चुकवू नका. ड्रेपर तहानेने व्याकुळ, मोना मात्र खुशाल. ही कुठेतरी पिऊन येते, हे त्याच्या लक्षात येतं. मग तो तिला खारट खायला घालतो, पाणी देत नाही, आणि सोडून तिच्या मागे चालू लागतो.