कुऱ्हाडीला पाजलेलं पाणी

काजवे बघायला भंडारदऱ्याला मुक्कामी जायचं म्हणून माझ्या भाच्याने ऑनलाइन एक संच मागवला. त्यात कुऱ्हाड, घडीचं फावडं आणि करवत होती. जाहिरातीत 'हेवी ड्यूटी' आणि 'स्टेनलेस' हे दोन शब्द सगळ्यात ठळक. निघण्याआधी त्याने आमच्या परसात बाभळीच्या वाळक्या ओंडक्यावर कुऱ्हाड चालवून बघितली. दहा-बारा घावांत धार मुडपली. "मामा, चांगली दीड किलोची आहे, तरी असं कसं?"

जड ते दणकट, हा समज बऱ्याच जणांचा असतो. वजनाचा धारेच्या टिकाऊपणाशी काही संबंध नाही. घावाच्या जोरासाठीसुद्धा वजनापेक्षा वेग महत्त्वाचा. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. दमलेला हात जड कुऱ्हाड वेगाने फिरवू शकत नाही, म्हणून मुक्कामाच्या किरकोळ लाकूडफोडीला पाऊण ते एक किलोचं पातं पुरतं. राहिलं स्टेनलेस. त्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि ते गंज रोखतं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. धार टिकेल की नाही हे त्यावरून कळत नाही.

धार टिकते ती लोहाराने दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे पातं लालबुंद तापवून पाण्यात बुडवल्यामुळे. धातुविज्ञानातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. काच कठीण असते, पण घाव बसला की फुटते. शिसं फुटत नाही, पण नखानेही ओरखडा उमटतो. कुऱ्हाडीला दोन्ही गुण लागतात, आणि एक वाढवला की दुसरा सहसा घटतो.

भंडारदऱ्याचं धरण ज्या प्रवरेवर आहे, त्याच नदीकाठी खाली संगमनेरजवळ जोर्वे गाव आहे. तिथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या. तांबं ठोकून ठोकून कठीण होतं, पण तापवून पाण्यात बुडवलं तर उलट मऊ पडतं. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडं ठोकताना ताठर झालं की तापवून मऊ करून घेतात. लोखंडाची कुऱ्हाड तापवून पाण्यात घातली तर मात्र ती कठीण होते. कृती एकच, परिणाम उलटा. का?

लोखंडाचे अणू स्फटिकात ओळीने रचलेले असतात. थंड असताना त्यांची रचना अशी असते: एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर नेलं की ही रचना बदलू लागते आणि मधला अणू जाऊन घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर अणू येतात. ही दुसरी रचना जास्त दाट. पहिलीत ६८ टक्के जागा भरलेली असते, दुसरीत ७४ टक्के. दाट रचनेत फटी लहान असतील असं आपल्याला वाटतं. पण त्या असतात कमी आणि मोठ्या! मोकळी जागा कमी, पण ती मोजक्या ऐसपैस फटींत एकवटलेली. त्या फटींत कार्बनचे लहान अणू मावतात. कुऱ्हाडीच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का असतो आणि लालबुंद पोलादात तो सगळा विरघळून जातो.

आता हे पोलाद हळूहळू थंड होऊ दिलं तर रचना परत पहिल्यासारखी होताना कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. पाण्यात बुडवलं तर मिळत नाही. लोखंडाचे अणू क्षणात जागा बदलतात आणि कार्बन आत अडकतो. चौकोनी घन एका बाजूने ताणला जातो. वाकणं म्हणजे स्फटिकातल्या थरांनी एकमेकांवरून सरकणं, आणि या ताणलेल्या, पाचर मारलेल्या स्फटिकात थर सरकू शकत नाहीत. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. तांब्यात असा रचनाबदलही नाही आणि कोंडायला कार्बनही नाही.

लालबुंद पातं पाण्यात घातलं की भोवती वाफेचं कवच तयार होतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ते याच कवचावर. वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून पातं हवं तितक्या वेगाने थंड होत नाही. पाण्यात मीठ असलं तर कवच लवकर फुटतं. बाराव्या शतकातल्या युरोपात एका कारागीर साधूने लिहून ठेवलंय की हत्याराला पाणी देण्यासाठी लाल केसांच्या मुलाचं मूत्र उत्तम. काम होत असेल तर ते त्यातल्या क्षारांमुळे. केसांचा रंग कुठलाही चालला असता. अमुक विहिरीचंच पाणी, अमुकच तिथी, या समजुतींकडेही असंच बघावं.

नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, पहिल्या गाठीवर कपचा उडेल. म्हणून ते पुन्हा थोडं तापवतात. थोडा कार्बन सुटा होतो, ताण उतरतो, चिवटपणा येतो. किती तापवायचं हे लोहार रंगावरून ओळखतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर सुमारे २२० अंशांना फिकट गवती रंग येतो, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. हा रंग पोलादाचा नसून त्यावर चढलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचा असतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, त्याच कारणाने. कुऱ्हाड जांभळ्या-निळ्याच्या आसपास थांबवतात, वस्तरा गवती रंगावर.

म्हणूनच विजेच्या सहाणेवर धार लावताना कडेला निळसर छटा आली, की तेवढी कड ३०० अंशांच्या आसपास तापली, आणि वस्तऱ्यासारखं कमी तापवून थांबवलेलं पातं असेल तर ते तिथे मऊ पडलं असं समजावं. मोडका दांडा काढायला पातं शेकोटीत टाकणारे लोक मी पाहिलेत. सगळं दिलेलं पाणी त्या एका रात्रीत उतरतं.

दुकानात कुऱ्हाड वाजवून बघतात, त्याबद्दलही सांगतो. आवाज बदबद आला तर पात्यात चीर असू शकते, एवढं खरं. पण पोलादाचा लवचीकपणा पाणी दिल्याने जवळपास बदलत नाही, त्यामुळे खणखणीत आवाजावरून कठीणपणा कळत नाही. त्याला कानस हवी. धारेवर हलकेच चालवा. काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर पातं ठिसूळ, लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर मऊ. जेमतेम चावली तर घ्या. भाच्याच्या कुऱ्हाडीत कानस सरळ रुतली. दांडा बाभळीचा किंवा धामणीचा असावा आणि त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाव्यात. तिरप्या जाऊन बाहेर पडल्या असतील तर तो तिथेच मोडणार.

करवतीत दातांची फाक बघा. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे कललेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. ओल्या लाकडाला फाक जास्त लागते. दातांची टोकं काळसर-निळी असतील तर तेवढेच दात विजेने तापवून कठीण केलेले असतात. ते खूप टिकतात, पण कानशीने पुन्हा धार लागत नाही. ओढताना कापणारी करवत पातळ चालते, कारण ताणलेली पट्टी वाकत नाही.

फावड्याबाबत थोडक्यात: जाडीपेक्षा आकार बघा. सपाट पत्र्यापेक्षा मध्ये कणा उठवलेला पत्रा कितीतरी ताठ, कागदाला घडी घालून बघा. घडीच्या फावड्याचा सांधा दगड उचकटताना आधी जातो. तंबूभोवती चर खणायला आणि पाण्यापासून साठ मीटर लांब शौचासाठी वीतभर खड्डा घ्यायला ते ठीक.

सरपण वाटेतल्या वखारीतून वाळकं घ्यावं. ताज्या लाकडाच्या वजनात बऱ्याचदा निम्मं पाणीच असतं, आणि त्यातलं प्रत्येक लिटर उडवायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता जाते. वनखात्याच्या हद्दीत उभं झाड तोडणं गुन्हा आहेच. शिवाय भंडारदऱ्याला काजवे जमतात ते हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर.