तो स्टिकर सोलू नका

बाजारात कधीच न आलेल्या व्हिडिओ गेमचं कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खुपसायची गेमची डबी, ओळखायची सगळ्यात चांगली खूण त्याच्या पोटात असते. दुकानात विकलेलं कार्ट्रिज उघडलं तर काळ्या प्लास्टिकमध्ये बंद असलेली चिप दिसते. कंपनीत चाचणीसाठी बनवलेल्या नमुन्यात मात्र पुष्कळदा चिपच्या मधोमध छोटी गोल काच असते आणि तिच्यावर कागदाचा स्टिकर डकवलेला असतो. कधी त्यावर पेनाने तारीख घातलेली असते. उघडणाऱ्याचा हात पहिल्यांदा त्या स्टिकरकडेच जातो, खाली काय आहे ते बघायला. तेवढं मात्र करायचं नाही.

त्या चिपला ईप्रॉम म्हणतात. इंटेलमध्ये काम करणाऱ्या डोव्ह फ्रोमन यांनी 1971 साली ती जगासमोर आणली. तिच्यात प्रत्येक बिटसाठी, म्हणजे एकेका 0 किंवा 1 साठी, एक सूक्ष्म कप्पा असतो, चारही बाजूंनी सिलिकॉन ऑक्साइडने वेढलेला. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन घुसवले की तो बिट 0 होतो आणि कप्पा रिकामा असला की 1. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन आतच अडकून राहतात. पुसायचं असेल तर काचेतून 253.7 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा. पंधरा-वीस मिनिटांत इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि चिप पुन्हा कोरी होते. गेम रोज बदलणाऱ्या प्रोग्रामरला हे फार सोयीचं होतं. विक्रीच्या लाखो कार्ट्रिजमध्ये मात्र मास्क रॉम वापरत. तिच्यात मजकूर कारखान्यातच सिलिकॉनमध्ये घडवलेला असतो, तो पुसला जात नाही.

काच उघडी राहिली तर दिवा लावायचीही गरज नसते. उत्पादकांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की थेट उन्हात अशी चिप साधारण आठवड्यात पुसली जाऊ शकते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात साधारण तीन वर्षांत. तीस वर्षं टिकलेला गेम कोणाच्या तरी खिडकीपाशी आठवडाभरात संपू शकतो.

शिवाय झाकून ठेवलं म्हणून सगळं सुरक्षित राहतंच असं नाही. माठातून पाणी झिरपावं तसे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं झिरपत राहतात आणि उष्णतेत हा वेग वाढतो. पण झिरपणं एकाच दिशेने होतं, आणि वाचवणाऱ्यांना त्याचाच फायदा होतो. भरलेला कप्पा रिकामा होत जातो, रिकामा कप्पा आपोआप भरत नाही. म्हणजे म्हातारपणी 0 चा 1 होतो, 1 चा 0 सहसा नाही. एकच चिप अनेकदा वाचली आणि एखादा बिट कधी 0, कधी 1 आला, तर मूळचा तो 0 असण्याचीच शक्यता जास्त. अशा अर्धवट रिकाम्या कप्प्यांसाठी आणखी एक युक्ती आहे. चिपला नेहमीच्या 5 व्होल्टपेक्षा थोडं कमी व्होल्टेज देऊन वाचायचं. विजेचा दाब कमी झाला की डळमळीत कप्प्यांतून वीज चटकन वाहू लागत नाही, म्हणून ते भरलेलेच वाचले जातात आणि हरवलेले 0 परत दिसतात. मला या सगळ्या विद्येतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हे सगळं कोकणात बसून लिहिण्याला कारण आहे. आपल्याकडे बोटीवर जाणारी माणसं गावोगावी आहेत. जपान, सिंगापूर, दुबई अशा बंदरांतून परतताना पोरांसाठी गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, आणलेली घरं रत्नागिरीपासून मालवणपर्यंत सापडतात. 1989 साली आलेलं हे यंत्र आणि त्याची कार्ट्रिजं आता माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. त्यात अप्रकाशित नमुना निघण्याची शक्यता अगदीच थोडी. पण वाचण्याचं कसब या साध्या कार्ट्रिजांवरच शिकता येतं, आणि आपल्या हवेत ते जरा कठीणच असतं.

खारी हवा धातू खाते हे आपल्याला दाराच्या कड्या-बिजागऱ्यांवरून ठाऊक आहेच. त्यामागचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही पातळी दिवसेंदिवस ओलांडलेली असते. म्हणजे कोरड्या दिवसांत निरुपद्रवी वाटणारी धूळ आषाढात मिठाच्या पाण्याचा पातळ थर होऊन बसते. कार्ट्रिजच्या यंत्राला टेकणाऱ्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण अतिशय पातळ. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून हे पाणी खालच्या तांब्यापर्यंत पोचतं.

रत्नागिरीत एका मोबाइल रिपेअरिंगवाल्या मित्राच्या टेबलावर मी असं कार्ट्रिज उघडताना पाहिलं. भिंगाखाली पट्ट्यांच्या कडांना हिरवट बुरशीसारखी साय दिसत होती आणि दोन पट्ट्यांच्या मधे पांढरा भुगा. त्याने कापसाच्या बोळ्याला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसलं. बोळा प्रत्येक वेळी नवा घेतला. खोडरबर किंवा पॉलिश पेपर त्याने हातात धरला नाही, कारण त्याने घाण निघते तसा मुलामाही निघतो. मग मल्टिमीटरने शेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते तपासलं. रिपेअरिंगमध्ये चिप काढायला हॉट एअर वापरायची सवय असते. जुन्या ईप्रॉमला मात्र ती उष्णता शक्यतो दाखवू नये.

गेम बॉयच्या कार्ट्रिजला 32 पट्ट्या असतात. त्यांपैकी 16 पत्ता सांगतात आणि 8 मजकूर आणतात. वाचणारं यंत्र एकेक पत्ता विचारतं आणि मिळालेला बाइट, म्हणजे 8 बिट, लिहून घेतं. कार्ट्रिजमधल्या रॉमचा 32 किलोबाइट भागच एका वेळी दिसतो. त्यामुळे मोठ्या गेममध्ये 16 किलोबाइटचे गठ्ठे आळीपाळीने समोर आणावे लागतात, आणि ते काम कोणती चिप कशी करते हे आधी ओळखावं लागतं. सगळं किमान दोन-तीनदा वाचून प्रती ताडून पाहायच्या. कार्ट्रिजच्या सुरुवातीच्या भागात सर्व बाइटांची बेरीज लिहिण्याची जागा असते. पण गेम बॉय ती तपासत नाही, म्हणून नमुन्यात ती भरलेलीच नसू शकते. तिथे ताडून पाहिलेल्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते.

काही मजकूर असा की तो यंत्राने स्वतःच लपवलेला असतो. गेम बॉय सुरू करताच कंपनीचं नाव वरून खाली सरकत येतं. हे काम 256 बाइटांचा एक चिमुकला प्रोग्राम करतो. तो कार्ट्रिजमधलं 48 बाइटांचं चित्र स्वतःजवळच्या चित्राशी जुळवतो, जुळलं तरच गेम सुरू करतो आणि लगेच स्वतःला बंद करून घेतो. त्यानंतर पुढच्या वेळी स्विच दाबेपर्यंत तो कोणालाच वाचता येत नाही. 2003 साली एका हौशी अभ्यासकाने प्रोसेसरचं वेष्टण काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉन धरलं आणि 2048 बिट डोळ्यांनी पाहून वाचले. गेम बॉय कलरचा असाच प्रोग्राम 2009 मध्ये मिळाला, तो यंत्राच्या घड्याळाच्या ठोक्यांत मुद्दाम गडबड करून.

यातून काय सापडतं? 1997 साली जपानमधल्या प्रदर्शनात दाखवलेला पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरचा नमुना 2018 मध्ये बाहेर आला. दोन वर्षांनी विक्रीला आलेल्या गेममध्ये ज्यांचा मागमूस नाही, असे कितीतरी प्राणी त्यात होते. वर्कबॉयची गोष्ट तर त्याहून विलक्षण. गेम बॉयला जोडायचा हा कीबोर्ड 1992 मध्ये जाहीर झाला, पत्ते आणि दिनदर्शिका ठेवण्यासाठी, पण विक्रीला आलाच नाही. 2020 मध्ये त्याचा एक नमुना उजेडात आला, पण प्रोग्रामचं कार्ट्रिज नसल्यामुळे तो मुका होता. त्याच वर्षी निन्टेन्डोच्या अंतर्गत फायली फुटल्या, त्यांत हा प्रोग्राम निघाला आणि कीबोर्ड चालला. फायली फुटून असा वारसा हाती लागावा, हे मला बोचतं. कंपन्यांनी हे नमुने आपणहून संग्रहालयांकडे द्यायला हवेत.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 कायदेशीर मार्गाने हाती आलेल्या प्रोग्रामची, तो नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करण्याची मुभा देतं. वाटायची परवानगी त्यात नाही.

आधी प्रत, मग बाकीचं, ही शिस्त आपल्या बंदरांवरही लागू पडते. काही कार्ट्रिजांत खेळाची नोंद एका छोट्या लिथियम सेलवर जिवंत असते, आणि ट्रॉलरवरच्या कितीतरी जुन्या जीपीएसमध्येही तसंच. तांडेलाने वर्षानुवर्षं नोंदवलेले पॉइंट, जाळं फाडणारे खडक, सगळं त्या सेलवर टिकून असतं. सेल उतरत आला म्हणून यंत्र दुकानात न्यायचं असेल, तर आधी ते बोटीच्या विजेवर सुरू करून सगळे पॉइंट वहीत उतरवून घ्या. सेल त्यानंतर काढू द्या.